मदरबोर्डमधून येणारा किर्र आवाज कसा शोधावा आणि कसा थांबवावा

नागपुरात उन्हाळाभर कूलर सुरू असतो आणि त्याच्या घरघरीत संगणकाचा बारीक आवाज कोणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबरच्या रात्री कूलर झाकून ठेवलेला असतो, पंखाही बंद असतो, आणि तेव्हा टेबलाखालून रातकिड्यासारखी कानात टोचणारी किर्र ऐकू येऊ लागते. माझ्याकडे असे झाले तेव्हा बर्डीवरच्या एका दुकानात मला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलून दिला गेला. पैसे गेले, आवाज मात्र तसाच राहिला, कारण तो एसएमपीएसमधून येतच नव्हता. म्हणून आवाजाची जागा नक्की कळेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या कडेने जे लहान चौकोनी ठोकळे ओळीने बसवलेले दिसतात, ते चोक होत. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला चालतील अशा साधारण १ व्होल्टपर्यंत उतरवण्याच्या कामात त्यांचा वाटा असतो. त्यासाठी वीज सतत सुरू-बंद केली जाते. ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा होते आणि आपल्या कानाची मर्यादा २०,००० हर्ट्झच्या आसपास असल्यामुळे ती ऐकू येत नाही. परंतु प्रोसेसर सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा झोपून उठू लागला, की विजेची मागणी त्याच गतीने वरखाली होते, चोकमधील तार आणि गाभा त्या तालावर थरथरतात आणि तो थरथराट कानाला ऐकू येतो. जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत असे, त्याचेही मूळ असेच होते. मात्र ५० हर्ट्झच्या विजेमुळे तो सूर खर्जातला असे. बोर्डावरील सिरॅमिक कपॅसिटरही व्होल्टेज बदलताच किंचित आकुंचन-प्रसरण पावतात आणि आवाज करतात.

आवाज फक्त हेडफोनमधून किंवा स्पीकरमधून येत असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे. तेथे मागच्या बाजूचा जॅक किंवा यूएसबी साउंड कार्ड वापरून पाहावे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच आवाज येत असेल, तर संशय इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर घ्यावा. या दोन्ही शक्यता बाजूला पडल्या, की पंख्याचा विचार करावा. पंख्याचा आवाज हळूहळू चढतो आणि उतरतो, तर चोकचा आवाज काम बदलताच त्या क्षणी बदलतो. लांबलचक पान माउसने वरखाली सरकवत राहावे आणि कान द्यावा. किर्र त्याबरोबर तुटत-जुळत असेल, तर पंखा निर्दोष आहे.

नेमकी जागा शोधण्यासाठी गेल्या वर्षीचे भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. त्याच्या वरच्या कडेची पत्र्याची पट्टी आधी काढून टाकावी, कारण ती चालू बोर्डाला लागली तर शॉर्ट होईल. कागदाची घट्ट नळी करून एक टोक कानाशी आणि दुसरे बोर्डापासून दोन बोटे दूर धरावे व सावकाश फिरवावे. प्रोसेसरजवळ, ग्राफिक्स कार्डावर आणि एसएमपीएसच्या जाळीशी आवाज कुठे एकदम टोकदार होतो, हे लगेच कळते. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये; प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो.

आवाज ग्राफिक्स कार्डाचा असेल, तर गेममध्ये फ्रेमची, म्हणजे सेकंदाला काढल्या जाणाऱ्या चित्रांची, मर्यादा ६० वर ठेवावी. मेनूच्या साध्या चित्रावरही कार्ड शेकडो फ्रेम काढत बसते आणि तेव्हाच ते सर्वाधिक किंचाळते. मदरबोर्डचा असेल, तर पहिली नजर माउसवर टाकावी. गेमिंग माउस सेकंदाला १००० वेळा संगणकाला हाक मारतो आणि प्रत्येक हाकेला प्रोसेसर जागा होतो. माझ्याकडे माउसच्या सॉफ्टवेअरमधील पोलिंग रेट १००० वरून १२५ केल्यावर पान सरकवतानाची किर्र जवळजवळ नाहीशी झाली, आणि यासाठी एक रुपयाही लागला नाही.

एवढ्याने भागले नाही, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्था) बंद करून पाहावे. एएमडीच्या बोर्डावर त्याला बहुधा ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल असे नाव असते. प्रोसेसर गाढ झोपत नाही, म्हणून मागणीतले झटके कमी होतात. आवाज थांबला, तर निदान पक्के झाले. पण सगळे सी-स्टेट कायम बंद ठेवावेत असे मला वाटत नाही, कारण त्यामुळे रिकाम्या वेळीही वीज आणि उष्णता वाढते, आणि मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांवर जातो तेथे ही किंमत मोठी आहे. बोर्डावर सोय असल्यास फक्त सर्वांत खोल अवस्था तेवढ्या रोखाव्यात.

चोकवर चिकटद्रव्य ओतण्याचा सल्ला अनेकजण देतात. आजचे बहुतेक चोक मुळातच साच्यात बंदिस्त असतात, त्यामुळे उपयोग थोडा होतो आणि वॉरंटी मात्र धोक्यात येते. वॉरंटी संपलेल्या बोर्डावर करायचेच असेल, तर वीजरोधक इपॉक्सी वापरावे. आंबट वासाचे सिलिकॉन टाळावे, कारण त्यातील आम्लाने तांबे गंजते, आणि ग्लू गनचा गोंद चोकच्या उष्णतेने मऊ पडतो. वॉरंटी शिल्लक असल्यास आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून विक्रेत्याला ऐकवावा, पण अनेक कंपन्या याला दोष मानत नाहीत, ही तयारी ठेवावी. या आवाजाने बोर्ड सहसा बिघडत नाही. जळका वास आला किंवा कपॅसिटर फुगलेला दिसला, तर मात्र संगणक त्याच क्षणी बंद करावा.

हिवाळ्यासाठी सी-स्टेट बंद केले असतील, तर कूलरमध्ये नवी वाळ्याची ताटी बसवाल त्याच दिवशी बायोसमध्ये जाऊन ते पुन्हा सुरू करावेत.