सी ड्राइव्हचा बांध सरकवताना

सांगलीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आठवड्याला एखादं तरी मशीन हीच तक्रार घेऊन येतं: सी ड्राइव्ह लाल झालाय, डी रिकामा पडलाय, तिकडची जागा इकडे घेता येईल का? घेता येते, आणि एकही फोटो न गमावता. फक्त घाई करायची नाही.

आधी नकाशा बघा. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली आडवी पट्टी दिसेल. परवाच्या मशीनवर ५०० जीबीची डिस्क होती. विंडोज ती ४६५ दाखवतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. डावीकडे सी १०० जीबी, उजवीकडे डी ३६५. ही पट्टी शेतासारखी वाचा. सीचं रान, मग बांध, मग डीचं रान.

डीवर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम निवडलं आणि ५१२०० एमबी लिहिलं, की ५० जीबी मोकळे होतात. पण ती काळ्या पट्टीची पडीक जमीन येते डीच्या पलीकडच्या टोकाला. सीचा एक्स्टेंड व्हॉल्यूम पर्याय फिकाच राहतो, कारण विंडोजला सीच्या बांधाला अगदी लागून उजवीकडे मोकळी जागा हवी असते. निम्मी मंडळी इथेच अडकतात आणि नेटवरून मिळेल ते सॉफ्टवेअर टाकतात. नवीन लॅपटॉपवर कधीकधी मध्ये छोटं रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा वेगळा तुकडा, असतं, तेही असंच आडवं येतं.

पार्टिशनचं शेवटचं टोक आत घेणं त्यामानाने सोपं. सुरुवातीचं टोक हलवायचं तर आतला सगळा डेटा उचलून दुसरीकडे मांडावा लागतो. जीपार्टेड हे पार्टिशन हलवायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून सुरू करून डी उजवीकडे सरकवता येतो, मीही करतो. पण त्याला तासन् तास लागतात आणि मध्ये थांबवता येत नाही. काही वर्षांपूर्वी यूपीएस नसलेल्या एका डेस्कटॉपवर हे चालू असताना लाईट गेली. एका आईचे तिच्या मुलीच्या बारशाचे फोटो त्यात होते. त्यातले थोडेच परत मिळाले. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून प्रत घेतल्याशिवाय मी बांधाला हात लावत नाही.

म्हणून डीचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर मावत असेल तर जीपार्टेडच्या वाटेला जाऊच नका. सगळं कॉपी करा. मग दोन्हीकडे सगळं सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या जुळते का बघा, आणि पाच-दहा फाइल्स प्रत्यक्ष उघडा. त्यात एखादा जुना व्हिडिओ आणि टॅलीचा बॅकअप असू द्या. डीवर एखादा प्रोग्रॅम बसवलेला नाही ना, हेही पाहा. प्रोग्रॅम नुसता कॉपी करून पुन्हा चालत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

आता डीवर डिलीट व्हॉल्यूम. जुन्या मशीनवर डीच्या भोवती हिरवी चौकट असते. तिथे डिलीट केल्यावर पट्टी काळी न होता फिकट हिरवी होते आणि सी तरीही वाढत नाही. त्या हिरव्या जागेवर राइट क्लिक करून पुन्हा डिलीट करा, मग ती काळी होईल. आता सीवर एक्स्टेंड व्हॉल्यूम, हवे तेवढे एमबी. मी साधारण ५० ते १०० जीबी वाढवतो. उरलेल्या काळ्या पट्टीवर न्यू सिंपल व्हॉल्यूम, अक्षर पुन्हा डीच द्या, म्हणजे जुने शॉर्टकट चालतात. एनटीएफएस, क्विक फॉरमॅट, आणि डेटा परत आणा.

फक्त सीचे दोन भाग करायचे असतील तर सीवर श्रिंक पुरतं. जागा मोकळी असूनही विंडोज फारच कमी आकडा देत असेल, तर पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती) आणि सिस्टिम रिस्टोअरसारख्या न हलणाऱ्या फाइल्स मध्ये बसलेल्या असतात. दोन्ही तात्पुरतं बंद करा, मशीन रिस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करून बघा. काम झालं की परत चालू करा.

जीपार्टेडशिवाय गत्यंतरच नसेल, तर आधी विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करून मशीन पूर्ण शटडाऊन करा, आणि बिटलॉकर असेल तर तो पूर्ण काढून टाका. लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा, डेस्कटॉपला यूपीएस. आणि प्रत तर हवीच.

बाहेरच्या डिस्कवरची प्रत लगेच पुसू नका. गिऱ्हाइकांना मी पंधरा दिवस थांबायला सांगतो.