रोगप्रतिकारक सफरचंद : रोप घेताना काय विचारावे आणि फेब्रुवारीच्या फुलोऱ्यात काय करावे

डिसेंबर-जानेवारीत सफरचंदाची रोपे लावायची लगबग सुरू होते. नाशिक-अहिल्यानगरकडे एचआरएमएन-९९, ॲना, डॉर्सेट गोल्डन या कमी थंडीवर येणाऱ्या जाती शेतकरी हौसेने लावू लागले आहेत. रोपांच्या जाहिरातीत ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द दिसला, की पैसे मोजण्याआधी विचारा : कोणत्या रोगाला? रोगाचे नाव घेऊन उत्तर मिळाले नाही, तर त्या शब्दापोटी एक रुपयाही जास्त देऊ नका.

जगभरात रोगप्रतिकारक सफरचंद म्हणजे बहुतेक वेळा स्कॅब या बुरशीच्या रोगाला दाद न देणारे सफरचंद. ही बुरशी गळालेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतातल्या पावसात तिचे बीजाणू उडतात. १७ ते २४ अंश तापमानात पान सलग नऊ तास ओले राहिले की लागण झालीच. पानावर हिरवट-काळे मखमली डाग येतात, फळावर खपल्या धरतात आणि साल तडकते. १९७३ साली काश्मीरमध्ये आणि १९८३ साली हिमाचलमध्ये या रोगाने बागाच्या बागा नासवल्या. आपल्याकडे फुलोरा फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत येतो. स्कॅबला हवी असलेली थंड ओल तेव्हा नसते. त्यामुळे स्कॅबची प्रतिकारशक्ती हा आपल्या खरेदीचा निकष नव्हे.

तरी स्कॅबला दाद न देणारी जात कशी घडली हे समजून घ्यावे, कारण आपल्याला लागणारी जातही त्याच वाटेने येणार आहे. १९१४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या क्रॅन्डॉल यांनी रोम ब्यूटी या जातीचा संकर मॅलस फ्लोरिबुंडा या शोभेच्या जंगली झाडाशी केला. त्या झाडाची फळे बोराहून लहान आणि आंबट. पुढे १९४०च्या दशकात त्या संकराच्या पिढीतली काही झाडे स्कॅबमध्येही स्वच्छ राहिलेली लक्षात आली. मग इलिनॉय, पर्ड्यू आणि रटगर्स या तीन विद्यापीठांनी मिळून काम हाती घेतले. दर पिढीत मोठ्या, गोड फळाच्या वेगळ्या जातीशी संकर करायचा, रोपे दोन-चार पानांची असतानाच त्यांच्यावर बीजाणू फवारायचे आणि डाग पडलेली रोपे उपटून टाकायची. प्रतिकाराचे जनुक आई-बापांपैकी एकाकडून एकेरी आले, तर निम्मी रोपे इथेच बाद होतात. उरलेल्यांच्या फळाची चव, करकरीतपणा, टिकाऊपणा पाहायला पुढची कैक वर्षे जातात. त्यांची पहिली जात ‘प्रिमा’ आली १९७० साली. पहिल्या संकराला तेव्हा ५६ वर्षे झाली होती.

एवढे करूनही प्रिमा तांबेऱ्याला बळी पडते. शिवाय १९८०च्या दशकात जर्मनीत आरेन्सबुर्ग इथे स्कॅबचीच एक नवी उपजात सापडली, जिने हे जनुक निकामी केले. म्हणून आता पैदासकार एकाच झाडात दोन-तीन वेगवेगळी जनुके बसवतात.

आपल्याकडे मोठा धोका जमिनीत आहे. भारी काळ्या रानात पावसाळ्यात पाणी साचले की बुंधा कुजतो, आणि तिथे वरची जात काही करू शकत नाही. म्हणून खुंटाचे, म्हणजे ज्या मुळावर जातीचे कलम बांधले त्या झाडाचे, नाव विचारा. द्राक्षासाठी डॉगरिज खुंट आपण जमीन पाहून निवडला, तोच विचार इथे करायचा. एमएम-१०६ आणि एमएम-१११ हे दोन्ही खुंट लोकरी मावा या किडीला दाद देत नाहीत, पण बुंधा कुजण्याच्या बाबतीत १०६ नाजूक आणि १११ बराच काटक. भारी जमीन असेल तर १११ घ्या, उंच गादीवाफ्यावर लावा आणि कलमाचा सांधा मातीपासून वीतभर वर ठेवा. हे काम कोणत्याही फवारणीपेक्षा मोलाचे आहे.

ज्यांची झाडे फुलावर आली आहेत त्यांनी यंदा स्वतः संकर करून पाहावा असे मला मनापासून वाटते. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी एचआरएमएन-९९ निवडली ती आवारात उगवलेल्या एका रोपातून, उष्ण हवेतही फळते म्हणून. आपल्या पावसाळ्यात मात्र पानांवर डाग पडून ती गळतात; तेव्हाही पान टिकवणारी जात आपल्याच बागेत शोधावी लागेल.

गेल्या पावसाळ्यात कोणत्या झाडाची पानगळ सगळ्यांत कमी झाली ते आठवा आणि ते झाड मादी धरा. कळी गुलाबी होऊन फुग्यासारखी फुगते, पण उमललेली नसते, तेव्हा चिमट्याने पाकळ्या आणि पुंकेसर काढा. घोसात दोनच कळ्या ठेवा, बाकीच्या खुडा. दुसऱ्या जातीच्या अशाच कळ्यांमधले परागकोष काढून कागदावर सावलीत रात्रभर वाळवा. पिवळी पूड सुटली की बारीक कुंचल्याने ती स्त्रीकेसराच्या टोकाला लावा. कागदी पिशवी बांधा आणि दोन्ही जातींची नावे व तारीख लिहून चिठ्ठी अडकवा. त्याच जातीचा पराग चालत नाही. सफरचंद स्वतःच्या परागाला सहसा धरत नाही.

जूनमध्ये फळ पिकले की बी काढा. एका फळात साधारण दहापर्यंत बिया निघतात आणि प्रत्येकीचे झाड वेगळे निपजते. बी ओलसर वाळूत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन ते तीन महिने ठेवा. या थंडीशिवाय ते रुजत नाही. सप्टेंबरात पिशव्यांत लावा. पुढच्या पावसाळ्यात या रोपांवर बुरशीनाशकाचा एक थेंबही मारू नका. पानांवर डाग पडून ती गळाली की रोप काढून टाका, जीव लावू नका. जी तगतील त्यांच्या काड्यांचे कलम एम-९ या ठेंगण्या खुंटावर बांधा. बियांच्या रोपाला फळ धरायला पाच ते आठ वर्षे लागतात, या खुंटावर ते तीन-चार वर्षांत चाखायला मिळते.

जात चांगली निघाली, तर २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला ती आपल्या नावावर नोंदवता येते. शेतकऱ्याला नोंदणीचे शुल्क नाही आणि झाडांच्या जातीला १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. त्यासाठी चिठ्ठ्या, तारखा आणि फोटो पहिल्या दिवसापासून एका वहीत ठेवा.