नव्या मुलांचं वाचन, लेखन आणि गणित पहिल्याच आठवड्यात कसं तपासावं

गोव्यात आयटीआयचे प्रवेश आटोपतात, ऑगस्टात वर्ग सुरू होतात आणि पाठोपाठ चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते. चवथीच्या सुट्टीआधी प्रत्येक इन्स्ट्रक्टरने एक काम उरकावं, असं मी आता आग्रहाने सांगतो. समोरच्या प्रत्येक मुलाला किती वाचता येतं, काय लिहिता येतं आणि कुठपर्यंतचा हिशेब जमतो, ते स्वतः बघावं. मार्कशीटवर विसंबू नये. शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या बाईंना आणि हॉटेलच्या किचनमध्ये नवी पोरं तयार करणाऱ्या शेफलाही हे तितकंच लागू आहे.

मी अनेक वर्षं हे केलं नाही. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा होता. मामाच्या हाताखाली काम करून आलेला, स्विचबोर्ड इतका नीटनेटका भरायचा की मी इतरांना नेऊन दाखवायचो. थिअरीच्या तासाला मात्र मागच्या बाकावर मान खाली. मी त्याला आळशी ठरवलं, चारचौघांत बोललोही. वर्ष संपताना तो हळूच म्हणाला, "सर, हांव वाचतां, पूण कळना." त्याला इंग्रजी शब्द उच्चारता येत होते, वाक्याचा अर्थ लागत नव्हता. हे पहिल्याच आठवड्यात दहा मिनिटांत कळलं असतं.

न वाचता काम शिकवता येतं, असं पुष्कळांना वाटतं. गीझरच्या लेबलावर २००० वॅट, २३० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. भागाकार केला की करंट साधारण ८.७ अँपिअर येतो. म्हणजे ६ अँपिअरचं सॉकेट चालणार नाही, १६ चं हवं. ज्याला लेबल वाचता येत नाही किंवा भागाकार जमत नाही, तो अंदाजाने जोडणार, आणि ते सॉकेट एक दिवस कोणाच्या तरी न्हाणीघराबाहेर तापणार.

आधी भाषेचा विचार करा

आपल्याकडे ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं. मूल घरी कोंकणी बोलतं. सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतं आणि पाचवीपासून माध्यम इंग्रजी होतं. दक्षिण गोव्यातल्या साष्टीकडची कित्येक मुलं कोंकणी वाचतात ती रोमी, म्हणजे रोमन लिपीत. वास्कोकडे घरात कन्नड किंवा हिंदी बोलणारीही भेटतील. म्हणून इंग्रजी उतारा अडखळत वाचणाऱ्याला वाचताच येत नाही, असा निकाल देऊ नका. दोन उतारे ठेवा, एक इंग्रजी आणि एक मुलाला सोयीच्या भाषेत. मजकूर वेगळा हवा, नाहीतर पहिल्याच्या आधारावर दुसरा ओळखला जातो. दोन्हीकडे अडतो त्याला वाचनाचीच मदत हवी. फक्त इंग्रजीत अडतो त्याला शब्दांची. या दोघांना एकच उपाय केला तर दोघांचाही वेळ जातो.

वाचन

एकेकाला बाजूला बोलवा, इतरांना कामाला लावून. बसल्याबसल्या सांगा, "ही परीक्षा नाही, मार्क नाहीत. तुला कसं शिकवायचं ते मला ठरवायचंय." मग मोठ्याने वाचायला द्या. अनेकांना 'असर' सर्वेक्षण ठाऊक असेल. 'प्रथम' संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेल्या या पाहणीत अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशी चढण असते. ही चढण कामाची आहे, पण सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती चिमणी-कावळ्याची गोष्ट देऊ नका. त्याच्या मनाला ते लागतं. औषधाच्या पाकिटावरच्या सूचना, पंख्याच्या खोक्यातला कागद, सुरक्षेचे पाच नियम, असं काहीतरी द्या.

वाचून झालं की कागद उलटा करा आणि विचारा, "आता सगळ्यात आधी काय करायचं?" खरी तपासणी या प्रश्नात आहे. खडाखडा वाचणारा इथे गप्प होतो आणि अडखळणारा कधी कधी अचूक सांगतो.

मूल कागद डोळ्यांजवळ नेतंय का, तेही बघा. कितीदा अडचण चष्म्याची असते.

लेखन

"काल घरी कुठलं काम केलंस?" यावर चार ओळी, हव्या त्या भाषेत. मग एक जॉबकार्ड तोंडी सांगून लिहून घ्या: गिऱ्हाइकाचं नाव, बिघाड, लागलेलं सामान, तारीख. ऱ्हस्व-दीर्घ मोजत बसू नका. लिहिलेलं वाचून दुसऱ्या माणसाला काम करता येईल का, एवढंच बघा.

गणित

इथे थोडा जास्त वेळ द्या, कारण उत्तर चूक की बरोबर एवढ्याने काहीच कळत नाही. चूक कशी झाली ते बघावं लागतं. मी पहिली वजाबाकी देतो ५०२ वजा १६८. उत्तर ३३४. दरवर्षी कोणीतरी ४६६ लिहितं. हा निष्काळजीपणा नाही. ते मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय: आठातून दोन गेले सहा, सहातून शून्य गेलं सहा, पाचातून एक गेला चार. हातचा घेणं त्याच्या मनात कधी रुजलंच नाही. कुठे बिनसलं ते समजलं की नाणी आणि नोटा घेऊन बसा, बहुतेकांना थोड्याच दिवसांत जमतं.

मग ०.५, ०.२५ आणि ०.१२५ यांत मोठं कोण, ते विचारा. १२५ म्हणणारे निघतातच. त्यांच्या हाती व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, देण्याआधी दशांश शिकवावा लागेल. टेपने टेबल मोजायला सांगा. काही जण शून्याऐवजी एकच्या खुणेपासून मोजतात. किचनमध्ये असाल तर चौघांची भाजी तीस जणांसाठी करायला किती कांदे लागतील ते विचारा.

आकडे तोंडी सांगताना जपा. मराठीत 'एकोणसाठ' म्हटलं की ५९ ऐवजी ६९ लिहिणारे पुष्कळ, आणि पाचवीपासून इंग्रजीत गणित केलेल्याला तो शब्दच अनोळखी वाटू शकतो. तोच आकडा इंग्रजीतून सांगून बघा. तेव्हा बरोबर लिहिला तर गणित ठीक आहे.

एकाला सुमारे दहा मिनिटं धरली तर वीस मुलांचे दोनशे मिनिटं होतात. दोन-तीन दुपारी पुरतात.

नोंद आणि पुढचं काम

वहीत प्रत्येकाचं एक पान ठेवा. गुण लिहू नका, काय येतं आणि कुठे अडतं ते वाक्यात लिहा. यादी फळ्यावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कधीही जाऊ नये. एकदा वर्गासमोर लाज वाटली की मूल यायचंच बंद होतं. बोलताना हुशार, पण अक्षरांची सतत उलटापालट करणारं मूल दिसलं तर स्वतः निदान करू नका, पालकांशी बोलून इस्पितळातल्या तज्ज्ञाकडे पाठवा. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्यता आहे.

बाकीच्यांसाठी रोज वीस मिनिटं काढा, वर्कशॉप सुरू होण्याआधी. इंग्रजी शब्दांना अडणाऱ्यांसाठी भिंतीवर अर्थिंग, न्यूट्रल, फेज असे त्या आठवड्याचे दहा शब्द, शेजारी चित्र आणि कोंकणी-मराठी अर्थ. जॉबशीटची, म्हणजे कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या कागदाची, वाक्यं छोटी करा, एका ओळीत एकच कृती. सुरक्षेचे नियम मात्र प्रत्येकाकडून तोंडी म्हणवून घ्या, वाचता येवो न येवो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तीच तपासणी पुन्हा करा. प्रश्न त्याच धाटणीचे, आकडे आणि उतारे नवे. आधीचा कागद काढून शेजारी ठेवा आणि ज्याचा आहे त्यालाच दाखवा.