पाणी बघून जागा धरू नका: डोंगरातल्या तलावावर गळ टाकताना या चुका टाळा

ऑक्टोबरची सकाळ, बालाघाटाच्या डोंगरातला बीडकडचा एक पाझर तलाव, काठोकाठ भरलेला. ऐसपैस काठ आणि बाभळीची सावली बघून मी सहा वाजल्यापासून तिथं बूड टेकलं होतं. साडेआठपर्यंत फ्लोट, म्हणजे दोरीवरचं तरंगतं बोंड, जागचा हलला नाही. म्हशी पाण्यावर आणलेले एक मामा बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "मासं लागायलेत का?"

"नाही हो मामा."

"कसं लागतील? हितं मे महिन्यात पोरं क्रिकेट खेळायलती." त्यांनी काठीनं पलीकडचा कोपरा दाखवला. "तकडं जावा. जेसीबीनं गाळ काढलेला खड्डा हाय. दोन पुरुष पाणी आसंल."

मी अडीच तास खेळपट्टीवर गळ टाकून बसलो होतो. तिकडं गेल्यावर तासाभरात किलोभराचा रोहू लागला.

जागा मेमध्ये शोधायची असते

आपल्याकडं सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. भरलेला तलाव वरून सगळीकडं सारखाच दिसतो, त्यामुळं माणूस स्वतःच्या सोयीची जागा धरतो. माशाची सोय तळाशी असते, आणि मराठवाड्यात तळ बघायला पाणबुड्या लागत नाही, उन्हाळा पुरतो. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर आपल्याकडं शेकडो पाझर तलाव झाले. भिंतीसाठी लागणारी माती आणि मुरूम बऱ्याचदा तलावाच्या पोटातूनच उकरलेला असतो. ते खड्डे, ओढ्याचं जुनं पात्र, बुडालेली विहीर, शेताचा बांध, वाळलेल्या बाभळीची खोडं, हे सगळं उन्हाळ्यात उघडं पडतं. गाळमुक्त धरण योजनेत गाळ उचलल्यावर नवे खड्डे होतात, म्हणून दरवर्षी एक फेरी मारावीच.

फेरी मारताना नुसते फोटो काढू नका, खूण बांधा. समोरच्या भिंतीवरचा एखादा मोठा दगड आणि त्यामागचं लिंबाचं झाड एका रेषेत येतं ती जागा लिहून ठेवा. पाणी चढल्यावर काठ सरकतो, रेष सरकत नाही. मांजरा, माजलगाव असली मोठी धरणं पायी बघून होत नाहीत. तिथं गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं चाळा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या काळाच्या आसपासचं चित्र मिळालं, तर मांजरेचा तळ घरबसल्या दिसेल.

एक सांगून ठेवतो. जो खड्डा माशाचं घर असतो, तोच माणसाला गिळतो. काळ्या गाळात पाय रुतला की निघत नाही. अडकलेल्या गळासाठी पाण्यात उतरू नका, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तोडून टाका. काठाला शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी असतात आणि त्यांच्या वायरी कुठं कुठं उघड्या पडलेल्या असतात. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. डोक्यावर तार असेल तर तिथून उठायचं.

वाऱ्याकडं पाठ

तोंडावर वारा नको म्हणून सगळे आडोशाला बसतात. वारा मात्र पाण्यावरचे किडे, पालापाचोळा आणि बारीक खाद्य समोरच्या काठाला नेऊन लावतो, आणि मासे त्यामागं जातात. लाटा जिथं आपटतात तिथं टाका. डिसेंबर-जानेवारीत वेळेचीही चूक होते. डोंगरात पहाटेचं पाणी गार असतं, मरळ मासळी सुस्त पडलेली असते. ऊन चढून उथळ काठ तापल्यावर, दहा-अकराला गेलात तरी चालतं. झोप मोडायची गरज नाही.

सगळ्या माशांना एकच खोली, एकच आमिष

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाला. फ्लोट एकाच जागी बांधून "आज मासेच नाहीत" म्हणण्यात अर्थ नाही. बसल्या बसल्या आधी खोली मोजा. फ्लोटला झेपणार नाही एवढं शिसं लावून टाका. फ्लोट बुडाला तर दोरी कमी आहे, आडवा पडला तर जास्त.

कणकेचा गोळा फेकताच सुटत असेल, तर बहुधा तुम्ही घरातलं ज्वारीचं पीठ घेतलंय. भाकरी थापणाऱ्या कुणालाही विचारा, ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गव्हाची कणीक घ्या, त्यात शेंगदाण्याची किंवा करडीची पेंड कुटून मिसळा आणि पुरीच्या कणकेइतकं घट्ट मळा. त्याहून घट्ट झालं की मासा ओढतो, पण गळाचं टोक बाहेरच येत नाही.

बेडूक चांगला, पण मरळ सुटते

नकली आमिषाचं वेड आता गावागावांत पोचलंय आणि त्यातला रबरी बेडूक मरळीसाठी खरंच कामाचा आहे. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते. पाणकणसाच्या किंवा कमळाच्या पानांत एखादं वर्तुळ उठलं की त्याच्या थोडं पुढं बेडूक टाकून ओढत आणायचा. थेट डोक्यावर टाकलात तर ती गेलीच. स्वस्तातले बेडूक घेताना दोन बोटांत दाबून बघा. अंग चेपून गळाची टोकं वर आली पाहिजेत. दाबूनही टोक दिसत नसेल, तर मरळीच्या जबड्यातही ते दिसणार नाही.

दुसरी चूक हाताची. "फटाक्" आवाज झाला की आपण लगेच झटका मारतो आणि बेडूक उडून अंगावर येतो. दोरी ताणली जाईपर्यंत थांबा, मनात एक-दोन म्हणा, मग मारा. झाडोऱ्यात बारीक तंगूस चालत नाही, विणलेली दोरी हवी. गढूळ पाण्यात काळा बेडूक किंवा फिरत्या पात्याचा स्पिनर बरा पडतो, कारण तिथं नजरेपेक्षा हालचाल आणि सावली कामाला येते. रंगांवर फार पैसे घालवू नका, माझ्या डब्यातले निम्मे रंग मला आवडले म्हणून घेतलेत, मरळीला नाही.

गाठीवरून तुटत असेल तर ओढण्याआधी गाठ थुंकीनं ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि तंगूस तिथंच कमजोर होतो. मोटारसायकलला रॉड बांधून उन्हात ठेवलेला तंगूस वर्षभरात बदला.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा गोंडा पाण्यावर खदखदताना दिसला, तर खाली मरळीची जोडी राखण करत असते. ती बेडकावर हमखास येते, म्हणूनच तिथं टाकू नये. जोडी उचलली की पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात.

राहिली परवानगी. पुष्कळ तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, त्यांनी पैसे घालून सोडलेली असते. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, तर पक्षी अभयारण्य आहे, तिथं आधी चौकशी केल्याशिवाय रॉड उघडू नका. गावाकडच्या तलावावर संस्थेचा माणूस पहाटे थर्माकोलवर बसून जाळी काढायला येतो. त्यालाच गाठा, चहा पाजा, विचारा. जाळी कुठं लावलीय तेही कळतं, नाहीतर दिवसातला पहिला मासा म्हणून तुम्ही त्याचीच जाळी ओढत बसाल.