आगोटीच्या बेगमीपलीकडे : कोकणातील घरासाठी सात दिवसांची तयारी

पावसाळ्याआधी घराची बेगमी करण्याची रीत कोकणात जुनी आहे. तांदळाला ऊन दाखवून ते भरून ठेवायचे, सुकट आणि बोंबील डब्यांत बंद करायचे, पापड-मिरगुंडे माळ्यावर चढवायची, सरपण पडवीत रचायचे, कौले परतून घर शाकारायचे आणि पावसाच्या बाजूला विणलेल्या झावळ्यांची झापे बांधायची, ही आगोटीची कामे आजही पुष्कळ घरांत होतात. ही बेगमी चार महिन्यांना पुरत असे, कारण त्या घराचे विजेवाचून काही अडत नव्हते. आज त्याच घरात पाणी पंपाने चढते, इन्सुलिन फ्रीजमध्ये असते, पैसे मोबाइलमध्ये असतात आणि मुले मुंबई-पुण्याला असल्यामुळे प्रत्यक्ष राहणारी माणसे बहुधा सत्तरीच्या पुढची असतात. म्हणून आपत्तीच्या तयारीला मी एकच कसोटी लावतो : घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला ती वस्तू अंधारात, कोणाला फोन न करता सापडली पाहिजे आणि एकट्याने वापरता आली पाहिजे.

ही कसोटी मला अनुभवाने शिकवली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या घरात धान्य भरपूर होते. विहीरही काठोकाठ नसली तरी पुरेशी भरलेली होती. पण पंप बसवल्यापासून रहाट काढून टाकलेला होता आणि गोठ्यात सापडलेला दोर पहिल्याच हिसक्याला तुटला. डोळ्यांसमोर पाणी असून ते काढता येत नाही, अशी दोन दिवसांची स्थिती आमच्यावर आली. आमच्या भागात वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. तेव्हापासून मी तयारी मोजतो ती वीज नसलेल्या दिवसांत. तीन दिवसांची तयारी असावी असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, परंतु झाडे पडून वाडीचा रस्ता बंद होतो, ओढ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, वाहून जातो आणि घाटात दरड येते, हे लक्षात घेता कोकणातील घराने सात दिवस धरावेत असे माझे मत आहे.

तयारीची वेळही बदलली पाहिजे. आगोटीची कामे मृगापर्यंत रेंगाळली तरी पूर्वी चालत असे. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मात्र मुख्यतः पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे येतात : तौक्ते २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यात किनाऱ्यालगत गेले, निसर्ग जूनच्या पहिल्या आठवड्यात आले आणि फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले. त्यामुळे एक तपासणी चैत्र संपण्यापूर्वी आणि दुसरी दसऱ्याच्या सुमारास करावी. माडांवरचे सुके नारळ आणि वाळलेल्या झावळ्या उतरवणे, घरावर झुकलेल्या फांद्या तोडणे, पत्र्याचे हूक आवळणे आणि गंजलेले बदलणे, ही कामे त्या पहिल्या तपासणीत व्हावीत, कारण इशारा आल्यावर माडावर चढणारा पाडेली मिळत नाही आणि सुतारही मिळत नाही.

पाण्यापासून सुरुवात करू. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज चार लिटर धरावेत. चार माणसांच्या घराला सात दिवसांसाठी एकशे बारा लिटर होतात, म्हणजे झाकणाची दोन मोठी पिंपे आणि काही कळश्या. वादळाचा किंवा पुराचा इशारा मिळताच वीज आहे तोवर ही पिंपे आणि वरची टाकी भरून घ्यावी. धुणे, भांडी आणि संडास यांसाठी पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पुरते. पहिल्या सरींत छपराची घाण धुऊन जाऊ द्यावी आणि मग बादल्या मांडाव्यात. विहिरीवर रहाट किंवा निदान एक मजबूत कप्पी कायमची असावी आणि दोर नायलॉनचा, विहिरीच्या खोलीहून दोन वाव (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी) अधिक लांब, पोहऱ्यासह घरात टांगलेला असावा. पिण्याचे पाणी स्वच्छ फडक्याने गाळून खळखळून उकळावे. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. सरपण ओले असेल आणि गॅस जपायचा असेल, अशा दिवसांसाठी क्लोरीनच्या द्रावणाची बाटली घरात ठेवावी आणि तिच्यावर छापलेल्या प्रमाणानेच थेंब टाकून अर्धा तास थांबावे.

अन्नाच्या बाबतीत कोकणी घराला शिकवण्यासारखे फारसे काही नाही, फक्त एक भेद करावा लागतो : चूल पेटली तर खाण्याचे आणि चूल पेटली नाही तरी खाण्याचे. तांदूळ, डाळ आणि सुकी मासळी पहिल्या प्रकारात येतात; पोहे, कुरमुरे, सातूचे पीठ, भाजलेले शेंगदाणे, गूळ, खजूर, फणसपोळी आणि लाडू दुसऱ्या प्रकारात. दुसऱ्या प्रकारचे निदान दोन दिवसांचे अन्न घट्ट झाकणाच्या एका वेगळ्या डब्यात ठेवावे आणि ते जुने होऊ न देता खाऊन नवे भरत राहावे. चूल पेटते पण इंधन थोडे आहे, अशा वेळी लवकर शिजणाऱ्या पदार्थांना महत्त्व येते. कुळथाची पिठी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, कारण आख्ख्या कडधान्याला लागणाऱ्या जळणाच्या अगदी थोड्या भागात ती होते आणि भाताला पुरेसे कालवण मिळते. पडवीतल्या सरपणापैकी एक भारा प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरात, उंचावर ठेवावा. वीज गेल्यावर फ्रीज उगाच उघडू नये. बंद फ्रीजमधले अन्न सुमारे चार तास टिकते, त्यानंतर दूध आणि मासळी यांचा मोह धरू नये.

उजेडासाठी प्रत्येक माणसामागे एक विजेरी असावी आणि ती रोज एकाच खुंटीला असावी. विजेरीत सेल घालून वर्षभर ठेवले की ते पाझरून ती निकामी होते, म्हणून दोन्ही तपासण्यांच्या वेळी सेल पाहून गरज असेल तर बदलावेत. वादळात पेटते कंदील आणि मेणबत्त्या शक्यतो टाळाव्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे किंवा पडवीत जनरेटर चालवणे प्राणघातक ठरू शकते, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. मोबाइलच्या मनोऱ्यांना बॅटरीचा आधार काही तासांचाच असतो. वीज लांबली की फोन चार्ज असूनही मुका होतो. सेलवर चालणारा लहान रेडिओ म्हणूनच अजून हवा. रत्नागिरी आणि सावंतवाडी येथे आकाशवाणीची केंद्रे आहेत. घरातल्या रेडिओवर आपल्या भागात कोणते केंद्र स्वच्छ लागते हे आधीच पाहून सुईची जागा खूण करून ठेवावी. फोन अधूनमधून लागत असेल तर बोलण्याऐवजी संदेश पाठवावा. कोकणाबाहेर राहणाऱ्या एकाच नातेवाइकाला सर्वांनी खुशाली कळवायची असे आधी ठरले असेल, तर मुंबईतल्या चार भावंडांना गावचे बंद फोन पुन्हा पुन्हा लावत बसावे लागत नाही. क्रमांक मोबाइलमध्ये असतात, पण ते भिंतीवरही मोठ्या अक्षरांत असावेत : कोणत्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, आणि त्यांच्याखाली सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि लाइनमन.

इशारा वाचता येणे हाही तयारीचाच भाग आहे. हवामान खात्याचा पिवळा रंग सावध राहण्याचा, नारिंगी तयारीत राहण्याचा आणि लाल प्रत्यक्ष कृती करण्याचा असतो. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, असे खात्याचे मोजमाप आहे. खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या घरांनी त्याला भरतीची जोड द्यावी. कोळी आणि खारवी बांधवांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, म्हणजे पंचमीला पावणेचार आणि अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, भरतीचे पाणी खाडीत वर चढते आणि डोंगरावरून उतरलेल्या पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा आषाढी पौर्णिमा दोनच दिवसांवर होती. लाल इशारा, उधाण आणि भरतीची वेळ ही तिन्ही एकत्र येत असतील, तर पाणी अंगणात येण्याची वाट न पाहता सामान माळ्यावर आणि माणसे उंचावर हलवावीत.

पूर येण्यापूर्वी घरातून निघताना मुख्य स्विच बंद करावा, पण पाण्यात उभे राहून त्याला हात लावू नये. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपण लावावे आणि टाकी खांबाला बांधावी, नाहीतर ती तरंगून आपटते. गुरांची दावी सोडावीत. बांधलेले जनावर पाण्यात हमखास जाते, सुटलेले उंचावर चढते. हे शेवटच्या घटकेला सुचत नाही, म्हणून कोणी काय करायचे ते आधी ठरवून ठेवावे.

डोंगरउताराच्या वाड्यांनी अधिक सावध असावे. महाड तालुक्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी आणि खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीने वस्तीच गाडली. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, काल नीट लागणारे दार आज अडकणे, नवा झरा फुटणे, ओढ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा आटणे, यांपैकी एकही खूण दिसली तर पंचनाम्याची किंवा कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता वाडी सोडावी. अशी वाडी सोडताना ओढ्याच्या काठाने खाली जाऊ नये, बाजूच्या उंचवट्याकडे जावे. लोक घर सोडायला कचरतात याचे कारण मी समजू शकतो. गुरे, देव आणि आयुष्याची जमवाजमव मागे राहते. म्हणूनच कोणाच्या घरी जायचे ते आधी बोलून ठेवावे, कारण ओळखीचे दार ठाऊक असले की पाय लवकर उचलतो.

चक्रीवादळात मात्र बहुधा घरातच थांबावे लागते. कौलारू घरात माजघर, किंवा स्लॅब असलेली न्हाणी, ही त्यातल्या त्यात सुरक्षित जागा असते. शेजारी स्लॅबचे घर असेल तर वारा सुरू होण्यापूर्वीच तिथे जावे. वारा एकाएकी पडला आणि आभाळ उजळले तर वादळ संपले असे समजून अंगणात येऊ नये, कारण वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावरून सरकला की तितकाच जोराचा वारा उलट्या दिशेने येतो.

निघण्याची पिशवी एकच असावी आणि वयस्क माणसाला उचलता येईल इतकीच जड असावी. तिच्यात आधार, रेशनकार्ड, सातबारा, घरपट्टीची पावती आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, लहान नोटांचे दोन-तीन हजार रुपये, चष्म्याची जुनी जोडी, विजेरी, शिट्टी, एक पंचा, बदलायचे कपडे आणि पंधरा दिवसांची रोजची औषधे असावीत. औषधांची नावे आणि वेळा कागदावर लिहून आत ठेवाव्यात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रीज बंद पडल्यास कुपी कोरड्या पिशवीत घालून माठात किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवावी. सावलीत आणि गारव्यात ती काही आठवडे टिकते, नेमकी मुदत वेष्टनावर असते. ओआरएसची पाकिटे संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा विरघळवावा, किंवा मीठ घातलेली भाताची पेज द्यावी.

पाणी ओसरल्यावर घाई होते ती झाडलोटीची. चिखलाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, पाण्याच्या खुणेची आणि पडलेल्या माड-पोफळींची छायाचित्रे घ्यावीत, कारण तलाठ्याच्या पंचनाम्यात तोच पुरावा ठरतो. चिखलात गमबूट आणि हातमोजे घालूनच उतरावे. पायाला जखम असेल तर लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका वाढतो आणि त्यानंतर ताप आल्यास पुराच्या पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सामानाच्या ढिगात घोणस, फुरसे किंवा मण्यार असू शकते, म्हणून आधी काठीने हलवून मगच हात घालावा. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. ते जवळ कुठे मिळते हे पावसापूर्वीच विचारून भिंतीवरच्या यादीत लिहिलेले असावे. भिजलेली वायरिंग तपासल्याशिवाय मुख्य स्विच चालू करू नये.

विहिरीत पुराचे पाणी गेले असेल तर ती उपसून गाळ काढावा आणि नवे पाणी भरल्यावर टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकावी. विहीर गोल असल्यास व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ ने गुणले की पाण्याचे लिटर मिळतात. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर हे नेहमीचे प्रमाण आहे. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे अठ्ठावीस हजार लिटर पाणी असते आणि तिला सत्तर ग्रॅम पावडर लागते. पावडर बादलीत कालवून थोडा वेळ निवळू द्यावी, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत खोल सोडून हलवावी आणि निदान एक तास पाणी काढू नये. रात्री टाकली तर सकाळपर्यंत विहीर मोकळी राहते. पुरानंतर किती जास्त पावडर घालायची हे आरोग्यसेवकाला विचारावे आणि त्याच्याकडून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची तपासणी, करून घ्यावी. ती होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.