साडेसातशे रुपयांचा पाहुणा

कळव्याला आमच्या बिल्डिंगमध्ये आईने सांगून ठेवलं होतं, "पोरगी गोव्याला मोठ्या हॉटेलात आहे." तसं खोटं नव्हतं, फक्त ते हॉटेल मांडवी नदीत तरंगत होतं. चार वर्षं मी तिथल्या एका कॅसिनोत काढली. आधी टेबलावर डीलर, म्हणजे पत्ते वाटून डाव चालवणारी होते, नंतर होस्ट, म्हणजे खेळायला येणाऱ्या पाहुण्यांची बडदास्त ठेवणारी झाले. परत ठाण्यात आल्यापासून मला दोन तऱ्हेची माणसं गाठतात. एक म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट करून बसलेली मुलं: "ताई, होस्टचं काम नक्की काय असतं?" आणि दुसरे त्यांचेच काका-मामा: "आम्ही वर्षातून दोन-तीनदा जातो, दहा-वीस हजार खेळतो. आमच्यासारख्याला कधी फुकट रूम मिळते का गं?"

दोघांना एकदमच सांगते, कारण काकांच्या प्रश्नाला तोंडावर हसू ठेवून उत्तर देणं हेच त्या मुलांचं काम असणार आहे.

सुरुवात टेबलापासून करा, थेट होस्ट व्हायला धावू नका. डीलरचं ट्रेनिंग कॅसिनोच देतो. कुठलीही पदवी चालते, वय २१ पूर्ण हवं. मला वाटलं होतं पत्ते पिसायला शिकवतील. शिकवतातच, पण आधी पाढे घेतात. रूलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चक्राच्या खेळात, एका आकड्यावर लावलेल्याला ३५ पट मिळतात, दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर १७ पट, मग एकदम जास्त आकडे धरले की ११, ८, ५. चिप्सचा ढीग बघून हिशेब क्षणात जमला पाहिजे. दिल्लीकडची मुलं कॅल्क्युलेटर नसल्यामुळे घामाघूम व्हायची आणि मी मनात "सतरा पाचे पंच्याऐंशी" म्हणत पुढे सरकायचे. मराठी शाळेचा इतका रोख फायदा मला दुसरीकडे कुठेच झाला नाही. टेबल सोडताना दोन्ही तळहात उलटेसुलटे करून कॅमेऱ्याला दाखवायचे असतात, हातात चिप लपवलेली नाही म्हणून. ती सवय इतकी मुरली की सुट्टीवर आले तेव्हा जेवणाच्या ताटावरून उठताना मी तेच केलं. आजी म्हणाली, "हे काय आणखी?"

टेबलाचा आग्रह एवढ्यासाठी, की पाहुण्याची खरी किंमत तिथेच लिहिली जाते. खेळाडू बसला, कॅसिनोचं स्वतःच्या नावाचं कार्ड पुढे केलं, की पिटमधला, म्हणजे टेबलांच्या घोळक्यावर नजर ठेवणारा, सुपरवायझर तीन गोष्टी नोंदवतो: सरासरी किती लावतो, किती वेळ बसला, कुठला खेळ खेळला. याला रेटिंग म्हणतात. त्यातून निघतो 'थिओ', म्हणजे या माणसाने गणिताने किती हरायला हवं तो आकडा. तो खरोखर किती हरला किंवा जिंकला, हे पुढचं.

थिओचा हिशेब साधा आहे. एका डावाला सरासरी लावलेली रक्कम, गुणिले तासाला किती डाव, गुणिले किती तास, गुणिले घराचा वाटा, म्हणजे लावलेल्या पैशातले कॅसिनोकडे सरासरीने उरणारे टक्के. घराचा वाटा खेळाप्रमाणे बदलतो. एक शून्य असलेल्या रूलेटमध्ये तो २.७ टक्के, दोन शून्य असतील तर ५.२६. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात 'बँकर' बाजूवर लावलं तर १.०६, 'प्लेअर' बाजूवर १.२४, आणि 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर, लावायची हौस असेल तर १४ टक्क्यांच्या वर. आपल्या अंदर-बाहरमध्ये पहिलं पान पडणारी बाजू जिंकल्यावर नव्वद टक्केच देतात. तिथे दोन्ही बाजू धरून सरासरी अडीच टक्के पकडा. या थिओतला साधारण २० ते ४० टक्के भाग कॅसिनो जेवण, रूम, तिकीट अशा रूपाने परत द्यायला तयार असतो. त्याला कॉम्प म्हणायचं.

आता आमचे नौपाड्याचे काका घ्या. इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, वय साठीच्या पुढे. दोन-तीन महिन्यांतून एकदा रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडायचे आणि सकाळी करमळीला उतरायचे. संध्याकाळी धक्क्यावरून फेरीबोटीने आमच्याकडे. खिशात वीस हजार, अंदर-बाहरचं टेबल, पाचशेचा डाव, चार तास. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, सातव्यांदा आलोय. त्या सुरतवाल्याला आलिशान सूट-रूम देता, मला साधी रूम नाही?"

मी टिश्यूपेपरवर हिशेब मांडला. त्यांना दाखवला नाही, माझा मलाच. पाचशे, गुणिले तासाला पन्नास डाव, गुणिले चार तास. एक लाखाची उलाढाल. तिचे अडीच टक्के म्हणजे अडीच हजार. त्याचे तीस टक्के धरले तर साडेसातशे रुपये. रात्रभर जागलेल्या, गुडघा चोळत बसलेल्या आणि आमच्या प्रत्येक वेटरला नावाने हाक मारणाऱ्या त्या माणसाची आमच्या दप्तरी किंमत साडेसातशे. सुरतवाला बॅकराला पंचवीस हजारांचा डाव लावायचा, तासाला साठ डाव, पाच तास. पंच्याहत्तर लाखांची उलाढाल, सव्वा टक्का जरा कमी धरला तरी नव्वद हजार थिओ. त्याला सत्तावीस हजारांची सूट-रूम आणि विमानाचं तिकीट दिलं तरी कुणी विचारणार नव्हतं.

तरीही काकांना पुढच्या खेपेला रूम मिळाली. कशी, तेच नव्या मुलांनी नीट समजून घ्यायचं आहे.

काका कायम बुधवार-गुरुवार यायचे, कारण शनिवार-रविवार दुकान सोडवत नसे. बुधवारी आमच्या कंपनीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलातल्या रूम रिकाम्या असायच्या. रिकामी रूम पाहुण्याला चार हजारांची, आम्हाला मात्र चादरींची धुलाई आणि सकाळचा नाश्ता एवढ्याचीच. साडेसातशेत ती बसते. शनिवारी तीच रूम विकली जाते, तेव्हा ती मागितली तर माझा मॅनेजर माझ्याकडे बघतसुद्धा नसे. हौशी खेळणाऱ्याला फायदे मिळतात का, तर मिळतात: घराला जे स्वस्त पडतं आणि नाहीतर वाया जाणार असतं, ते. मधल्या वाराची रूम, एखादं अपग्रेड, एंट्री पॅकेजवर सवलत, धक्क्यापर्यंत गाडी. जेवण-दारू तर बहुतेक पॅकेजमध्ये धरलेलीच असते, ती फुकट मिळाली असं समजून कुणी खूश होऊ नये. पॅकेजमधल्या त्या एकदाच लावायच्या चिप्सचंही तेच. त्या थेट वटवून पैसे मिळत नाहीत.

दुसरं म्हणजे, मागावं लागतं. लाजून गप्प बसणाऱ्या मराठी माणसाला मी चार वर्षं बघितलंय. बायकोच्या कानात कुरकुरेल, पण काउंटरवर विचारणार नाही. कार्ड तर बसायच्या आधीच द्यायला हवं. तासभर खेळून मग पाकिटातून काढलं तर तो तास गेला. दोन भावांनी एकाच कार्डावर आलटून पालटून खेळलं तर सुपरवायझर गोंधळतो आणि गोंधळला की कमीच लिहितो. मुद्दाम सांगते, सुपरवायझरची नजर पहिल्या काही डावांवर जास्त असते, मग तो दुसऱ्या टेबलाकडे वळतो. आणि रोजची सरासरी बघितली जात असेल तर एका संध्याकाळी चार तास खेळलेला माणूस, तीन दिवस रोज वीस-वीस मिनिटं डोकावणाऱ्यापेक्षा वर दिसतो.

सगळ्यात जास्त भांडणं वेगळ्याच गोष्टीवरून व्हायची. "मी दोन लाख हरलो, आणि साधी रूम नाही?" घोडबंदर रोडचा एक तरुण बिल्डर काउंटरवर हात आपटून हे ओरडला होता. तो हरला होता खरा, पण तीन डावांत, दहा मिनिटांत. रेटिंगमध्ये दहा मिनिटंच दिसत होती. मी नवी होते, घाबरले आणि "बघते सर, होऊन जाईल" म्हणून बसले. मंजुरी मिळाली नाही. रात्री दोन वाजता तो बॅगा घेऊन हॉटेलच्या रिसेप्शनवर, आणि माझा फोन वाजतोय. त्या महिन्यात माझ्या पगारातून काही कापलं नाही, पण वरिष्ठांनी सगळ्यांसमोर जे ऐकवलं ते अजून आठवतं. "होऊन जाईल" हे दोन शब्द होस्टने कधीही तोंडातून काढू नयेत.

जिंकलेल्याकडे दुर्लक्ष होतं असं लोकांना वाटतं. उलट असतं. जिंकून निघालेल्या माणसाला आम्ही जिन्यापर्यंत सोडायला जायचो, पुढच्या खेपेची रूम तिथेच देऊ करायचो. पैसे परत आले पाहिजेत ना.

छोट्या खेळाडूकडे लक्ष का द्यायचं, हे मला एका वरिष्ठ सहकाऱ्याने समजावलं. अमेरिकेतल्या हॅराज या कॅसिनो कंपनीत गॅरी लव्हमन नावाचे हार्वर्डचे प्राध्यापक १९९८मध्ये मोठ्या पदावर गेले आणि त्यांनी कार्डांवरची माहिती चाळली. २६ टक्के खेळाडू ८२ टक्के उत्पन्न देत होते, आणि ते लिमोझिनमधून येणारे शेठ नव्हते. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, कारखान्यातले कामगार. पुन्हा पुन्हा येणारे. म्हणजे आमचे नौपाड्याचे काकाच. गोव्यात तर १ फेब्रुवारी २०२०पासून तिथल्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे सगळी मदार बाहेरच्यांवर. ठाणे, पुणे, सुरत, बेळगाव. मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही बोलणारी मुलगी कॅसिनोला का हवी होती, ते कळलं असेल.

होस्टच्या नावावर पाहुण्यांची एक यादी असते, तिला 'बुक' म्हणतात. नव्या होस्टचं बुक रिकामं असतं आणि टार्गेट भरलेलं. म्हणून हौशी खेळणाऱ्याला खरोखर कुणी वेळ देत असेल तर तो नवखा होस्ट, आणि तोही महिनाअखेरीस. माझ्या पहिल्या सहा महिन्यांत मी पाचशेवाल्यांना दिवाळीच्या शुभेच्छा आठवणीने पाठवल्या. पुढे मोठे पाहुणे मिळाल्यावर त्यांचे फोन 'नंतर करते' यादीत गेले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसं.

आणखी एक यादी असते, बरेच दिवस न आलेल्यांची. तीत एकदा कोपरीचा नंबर होता. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, "सर, खूप दिवसांत दर्शन नाही, तुमच्यासाठी खास रूम ठेवलीय." पलीकडून बाईंचा आवाज आला, "ते आता येणार नाहीत. आमचा गाळा गेला. परत फोन करू नका." नंबर त्याच दिवशी यादीतून काढायला सांगितला. पुढच्या महिन्याच्या यादीत तो पुन्हा होता. तिसऱ्यांदा मी तो डायलच केला नाही, 'स्विच ऑफ' असं लिहून टाकलं. नोकरीत शिरताना हे दिवस येणार हे धरून चाला.

पैशाचं एक जाता जाता. चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झालाय. साडेसातशेच्या रूमसाठी जास्तीचे दोन तास बसणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

आणि ऐरोली-महापेच्या मुलांसाठी खास: 'व्हीआयपी रिलेशनशिप मॅनेजर, घरून काम, टेलिग्रामवर पाहुणे सांभाळा' अशा जाहिराती येतात. ते ऑनलाइन पैशांच्या खेळाचं काम असतं. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. तिकडे फिरकू नका. महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनो नाहीच; १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता, तो कधी लागू झाला नाही आणि २०२३मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. म्हणजे ही नोकरी करायची तर घर सोडावं लागणार.

नोकरी सोडताना कंपनीचं सिमकार्ड आणि लॅपटॉप जमा केला. पाहुण्यांची माहिती भरायच्या स्क्रीनवर शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असायचा. मी तो मनापासून भरायचे. काकांच्या नावापुढे लिहिलं होतं: 'डावा गुडघा, जिना नको. काकू उपवास करतात, साबुदाणा विचारणे. मुलगी पुण्याला.'

मागच्या महिन्यात गोखले रोडवर काका भेटले. हातात भाजीची पिशवी, चाल जरा लंगडी. म्हणाले, "अगं, तू सोडलंस म्हणून वाईट वाटलं होतं. पण तुझ्या जागी आलेली मुलगीही फार मायाळू आहे हो. परवा फोन आला तिचा. पहिलं काय विचारलं असेल? 'काका, डावा गुडघा कसा आहे?'"