गुणविशेष म्हणजे आधी एक रेघ

सोलापुरात एम.ए. मानसशास्त्राला आले, तेव्हा गुणविशेष म्हटलं की मला व्यक्तिमत्त्व चाचणीचा कागदच आठवायचा. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले, हे पाठ होतं. तीच समज घेऊन मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड वाचायला बसले आणि अख्खं सत्र चाचपडण्यात गेलं.

नव्याने येणारे बहुतेक जण त्याच्या १९०८ च्या लेखापासून सुरुवात करतात. टापटीप, काटकसर, हट्ट हे तीन गुण एकत्र का येतात आणि त्यांचं मूळ लहानपणीच्या शौचाच्या सवयींत कसं, हे त्यात आहे. परीक्षेला तो लागतोच. पण मला विचाराल तर आधी त्याच्या समूहमानसशास्त्रावरच्या १९२१ च्या पुस्तकातलं तादात्म्यावरचं, म्हणजे नकळत दुसऱ्यासारखं होण्यावरचं, सातवं प्रकरण वाचा. तिथे फ्रॉइड म्हणतो, माणूस दुसऱ्याकडून कधीकधी एकच खूण उचलतो. त्याची रुग्ण डोरा वडिलांसारखी खोकायची, तशी. आणि ती खूण आवडत्याचीच असते असं नाही, नावडत्याचीही असते.

हे वाचलं आणि मला दादा दिसला. अप्पा पूर्व भागात मागावर होते. चादर उतरली की अंगठा किनारीवरून सावकाश फिरवायचे, सुटलेला धागा हाताला लागायचा. दादाचं त्यांच्याशी कधी पटलं नाही, तो बँकेत लागला. अप्पा गेल्यावर वर्षभरात बघते तर पासबुक असो, लग्नपत्रिका असो, दादाचा अंगठा कडेवरून तसाच फिरतोय. बाकी अप्पांचं त्याच्यात काही नाही.

या खुणेसाठी फ्रॉइडचा मूळ जर्मन शब्द ‘त्सुग’. त्याचा अर्थ गुणविशेष आणि रेघही. फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँने १९६१-६२ च्या व्याख्यानांत तोच धागा धरला. शिकाऱ्याने हाडावर कोरलेल्या खाचा त्याने दाखल्याला घेतल्या: खाचा सारख्याच, शिकार मात्र दर वेळी वेगळी. आमच्या आजीने दुधाच्या रतीबासाठी भिंतीवर ओढलेल्या कोळशाच्या रेघा आठवल्या, तेव्हा कुठे मला ते कळलं. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घातलेल्या गर्दीकडेही आता मी तसं बघते. अंगावर खूण एकच, पण ज्याच्या त्याच्या घरून ती वेगळी आलेली.

तेव्हा एक वही ठेवा. कुणाची कोणती खूण, ती कधीपासून दिसू लागली, एवढंच लिहा. निदान करू नका आणि ज्याचं लिहिलंय त्याला ऐकवू नका. त्याने विचारलेलं नसतं. दादाला मी अजून काही बोललेले नाही.